बिजागरीतलं गंध

१

डाग दीड मिलिमीटर रुंद होता. लॅपटॉपचं झाकण खालच्या भागाला जिथे जोडलेलं असतं, तिथल्या डाव्या बिजागरीच्या खोबणीत तो बसला होता. रंग विटकरी, कडा फिकट, वरचा थर सुकून भेगाळलेला. बाकी यंत्र कोणीतरी स्पिरिटने नीट पुसलं होतं. खोबणीत कापड पोचलं नव्हतं.

मी तो पाहिला आणि सोडून दिला. शाल्मलीची तक्रार वेगळीच होती.

१९९९ च्या मार्चमधला रविवार होता. शाल्मली म्हणजे आमच्या प्रयोगशाळेचे प्रमुख त्रिविक्रम यांची सून. त्रिविक्रमांना आम्ही सगळे अण्णा म्हणतो. त्यांचं घराणं कित्येक पिढ्यांपासून बंगळुरात आहे. ही पुण्याची, चार महिन्यांपूर्वी लग्न होऊन आलेली. सॉफ्टवेअरच्या नोकरीत असूनही ती बनशंकरीहून रिक्षा करून जे. पी. नगरला माझ्याकडे आली होती.

"मावशी, हे बघा ना. चालू केला की दर वेळी म्हणतो, न्यू हार्डवेअर फाउंड. मग ड्रायव्हर मागतो. काय सापडलंय ते सांगत नाही, मी देऊ काय?"

यंत्राच्या यादीत एक पिवळं प्रश्नचिन्ह होतं. पुढे लिहिलं होतं, अननोन डिव्हाइस.

"आणि हा प्रोग्रॅम. मी टाकलेला नाही, आधीपासूनच डी ड्राइव्हमध्ये होता. नाव नाही, नुसतं थेंबाचं चित्र. क्लिक केलं की काळी स्क्रीन आणि वेटिंग फॉर प्रोब. मी अर्धा तास वेट केलं. प्रोब काही आला नाही."

"तुझ्या ऑफिसात एवढी माणसं आहेत, त्यांना विचार की."

"सगळे दोन हजार सालच्या घोळात, वायटूकेमध्ये बुडालेत. म्हणतात, फॉरमॅट मार. पण दुकानदाराने बजावलं होतं, काही अडलं तर फॉरमॅट करायचं नाही, आधी शुभदा मॅडमना, म्हणजे तुम्हालाच दाखवायचा."

"कोणता दुकानदार?"

"इंदिरानगरचा. सासूबाईंनी तिथूनच घेतला ना हा. तुम्ही ओळखता त्याला."

इंदिरानगरमधल्या एकाही दुकानदाराला मी ओळखत नव्हते.

२

शाल्मली लॅपटॉप ठेवून गेली. उजव्या कडेला जादा कार्ड घालण्याची फट असते, तिथे मी टॉर्च धरला. कार्ड बाहेर ढकलण्याचं बटण तुटलेलं होतं. वरून पाहणाऱ्याला फट रिकामी वाटली असती. आत खोल एक कार्ड अडकलेलं होतं.

भुवयांच्या चिमट्याने ते बाहेर काढायला दहा मिनिटं लागली. कार्डावर कंपनीचं नाव नव्हतं. कोऱ्या कार्डावर कोणीतरी हाताने भाग जोडले होते, आणि प्रत्येक जोडावर गुलाबी नेलपॉलिशचा थेंब होता.

मी कार्ड टेबलावर ठेवलं आणि हात मागे घेतला.

नेलपॉलिश प्रणीतची कल्पना. जोडांना ओल लागू नये म्हणून. बाटली विकत आणली त्या दिवशी तो सगळ्यांना सांगत होता, "दुकानदार विचारतो कुठली शेड. मी म्हटलं, वॉटरप्रूफ."

प्रणीत बेळगावचा. १९९६ मध्ये तो चोवीस वर्षांचा होता आणि आमच्या पाणी तपासण्याच्या प्रयोगशाळेत माझ्या हाताखाली काम करत होता. गावोगावच्या बाटल्या इथे आणण्याऐवजी लॅपटॉपच विहिरीवर न्यायचा, पाण्यात इलेक्ट्रोड, म्हणजे प्रोब, बुडवायचा आणि फ्लोराइड किती आहे ते तिथेच वाचायचं, असं त्याने जमवलं होतं. तसा एकच लॅपटॉप आमच्याकडे होता. त्या वर्षी दसऱ्याला तो नाहीसा झाला.

नोंदवहीत गुरुवारी लॅपटॉप नेल्याची प्रणीतची सही होती. परत केल्याचा रकाना कोरा. तो म्हणाला, शुक्रवारी संध्याकाळी मी लॅपटॉप अण्णांच्या हातात दिला आणि रात्रीच्या बसने बेळगावला गेलो. अण्णा म्हणाले, मला दिला नाही. प्रयोगशाळेच्या विश्वस्तांनी माझा जबाब घेतला. त्यात एकच वाक्य होतं: शनिवारी पूजेच्या वेळी लॅपटॉप प्रयोगशाळेत नव्हता.

त्या वाक्याने प्रणीतची नोकरी गेली. तो चोर आहे असं पत्र शहरातल्या इतर प्रयोगशाळांनाही गेलं.

आमच्या अहवालात एखादा पदार्थ 'नाही' असं लिहिण्याची पद्धत नाही. 'आढळला नाही' असं लिहायचं, कारण आपण पाहिलं तेवढंच आपल्याला माहीत असतं. पहिल्या आठवड्यात हे प्रणीतला मीच शिकवलं होतं. आणि त्या शनिवारी मी पूजेला थांबलेसुद्धा नव्हते. अण्णा माझे मार्गदर्शक. ते म्हणाले, "तू पाहिलास का तिथं? नाही ना? मग तसं लिही गं." मी लिहिलं. माझ्या कपाटाच्या खणात तेव्हापासून एक पत्र आहे, जबाब मागे घेत असल्याचं. तीनदा नव्याने लिहिलेलं, तिन्ही वेळा तारीख न घातलेलं.

मी कार्ड पुन्हा आत सरकवलं आणि थेंबाच्या चित्राशेजारची फाइल उघडली. सेहेचाळीस विहिरी. प्रत्येकीपुढे दोन आकडे, एक प्रणीतच्या कार्डाचा आणि एक अण्णांच्या पद्धतीचा. ४.१ आणि ०.९. ३.६ आणि ०.८. फ्लोराइड लिटरमागे दीड मिलिग्रॅमच्या वर गेलं की मुलांच्या दातांवर तपकिरी पट्टे उमटतात आणि पुढे हाडं धरतात. या सगळ्या विहिरींना आम्ही 'पिण्यास योग्य' असा शेरा दिला होता. माझ्या प्रबंधातलं तिसरं प्रकरण त्याच शेऱ्यांवर उभं आहे.

लॅपटॉपच्या पिशवीच्या कप्प्यात दुकानाचं बिल होतं. खालची सही मी नोंदवहीत शेकडो वेळा पाहिली होती.

प्रणीतची.

म्हणजे लॅपटॉप त्याच्याकडेच होता. मी लिहिलं ते खरं होतं. मला क्षणभर बरं वाटलं. त्या बरं वाटण्याची मला अजून लाज वाटते.

३

दुकान म्हणजे इंदिरानगरमधल्या एका बंगल्याचं गॅरेज होतं. प्रणीत उघड्या मॉनिटरवर वाकला होता. केस कानांवर पांढरे झाले होते. वय सत्तावीस.

"या मॅडम. फार वेळ लावलात."

"काल मिळाला मला. आज सोमवार."

"मी दसऱ्यापासून मोजतोय. शहाण्णवच्या."

त्याने स्टूल पुढे केलं नाही. मी उभीच राहिले.

"हा तुझ्याकडे कसा आला?"

"कौशल्याबाई घेऊन आल्या. अण्णांच्या मिसेस. जुन्या लुगड्यात गुंडाळून. म्हणाल्या, चालू करून दे, सुनेला द्यायचाय. मी विचारलं, कुठे होता? तर म्हणाल्या, सुनेचं सामान ठेवायला माळा आवरला, तिथे सापडला."

"सुनेला तर त्यांनी दुकानातून घेतला म्हणून सांगितलंय."

"मग घरात काय सांगतील? तुझ्या सासऱ्यांच्या चोरीचा माल आहे, जपून वापर म्हणून?"

"त्या विश्वस्तांपुढे हे सांगतील?"

"नाही सांगणार. पण बनशंकरीहून इथे येईपर्यंत वाटेत पन्नास दुकानं लागतात मॅडम. ती सोडून त्या माझ्याकडे आल्या. त्यांना जेवढं सांगता येतं तेवढं त्यांनी सांगितलं."

"आणि तू विश्वस्तांकडे का गेला नाहीस?"

तो हसला. "काय घेऊन? कार्ड माझं, प्रोग्रॅम माझा, आणि लॅपटॉप माझ्या दुकानात. ते म्हणाले असते, बघा, चोराला दोन वर्षांनी बुद्धी झाली. आत्ता तुम्हालाही तेच वाटतंय. चेहऱ्यावर दिसतंय."

मी लॅपटॉपची पिशवी दुसऱ्या हातात घेतली.

"मी स्क्रीनची तार बदलली आणि विंडोज नव्याने टाकलं. डी ड्राइव्हला हात लावला नाही, कार्ड हलवलं नाही. पुसलासुद्धा नाही, तसाच चकचकीत आला होता."

"मग मला दाखवायला का सांगितलंस?"

"अण्णा बोलले ते ऐकून मला धक्का बसला नाही. मी त्यांच्याच पद्धतीला खोटं ठरवत होतो. पण तुमची ओळ वाचली तेव्हा..." त्याने हातातला स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. "शुभदा मॅडम न मोजता आकडा लिहीत नाहीत, हे मीच सगळ्यांना सांगत फिरायचो. विश्वस्तांनी तेच वाक्य मला ऐकवलं. म्हणून म्हटलं, या वेळी तुम्हीच मोजा."

बाहेर एक रिक्षावाला गिऱ्हाइकाशी भांडत होता. ते संपल्यावर मी विचारलं.

"तू शुक्रवारच्या रात्रीच गेलास, याबद्दल कोणाला शंका होती?"

"नाही. बसचं तिकीट विश्वस्तांनीच फाइलला लावलंय. त्यांचं म्हणणं, लॅपटॉप घेऊन गेलो. मंगळवारी परत आलो."

"म्हणजे शनिवारच्या पूजेला तू नव्हतास. त्या दिवशी गंध कोणी केलं, कसं केलं, तुला माहीत नाही."

"गंध?" तो माझ्याकडे पाहत राहिला. "गंधाचं काय मॅडम?"

मला बिजागरीतला डाग आठवला होता.

४

इथे खंडेनवमीला आयुधपूजा म्हणतात आणि ती कचेऱ्यांतूनही होते. रिक्षापासून लेथपर्यंत सगळ्यांना गंध लागतं. आमच्याकडे सुट्टीच्या आधी, शनिवारीच, पूजा उरकायची. अण्णा सगळ्या यंत्रांना स्वतःच्या हाताने गंध लावतात. एरवी देवाधर्माचं फारसं न करणारा माणूस त्या दिवशी धुतलेलं धोतर नेसून येतो.

त्या वर्षी ऐन वेळी कुंकवाची पुडी रिकामी निघाली. दुकानं लांब, मुहूर्त जवळ. मी उगाळलेल्या चंदनात अलिझरिनची चिमूट टाकली. अलिझरिन हा तांबडा रंग आहे. फ्लोराइड मोजण्याची अण्णांची पद्धत याच रंगावर चालते, त्यामुळे बाटली हाताशी होती. वाटी मल्लाप्पाकडे दिली आणि साडेअकराला मी निघाले, कारण मुलीच्या शाळेत कार्यक्रम होता. असं गंध आम्ही त्याआधी कधी केलं नव्हतं, नंतरही नाही.

मंगळवारी सकाळी मी बिजागरीतला अर्धा डाग सुईने खरवडून पांढऱ्या चिनी मातीच्या फरशीवर घेतला. शेजारी घरचं कुंकू. दोन्हींवर धुण्याच्या सोड्याच्या दाट पाण्याचा एकेक थेंब टाकला.

कुंकू लालच राहिलं. डागाभोवती जांभळं वलय पसरलं.

कुंकवाचं असं होत नाही. अलिझरिनचं होतं.

मी बाटलीतल्या अलिझरिनवर तोच थेंब टाकून पाहिला. तेच जांभळं. उरलेला अर्धा डाग मी खोबणीतच ठेवला. दुसऱ्या कोणाला तपासायचा असेल तर.

मग मल्लाप्पाला बोलावलं. तो आमचा शिपाई, अण्णांच्याही आधीपासूनचा. आम्ही कानडीत बोलतो, इथे मराठीत लिहिते.

"मल्लाप्पा, त्या वर्षी मी लाल पूड घालून गंध केलं होतं. आठवतं?"

"विसरेन कसा अक्का? वाटी मी घासली. दोन दिवस बोटं लाल. बायको म्हणाली, कुणाच्या लग्नाला जाऊन आलात?"

"म्हणजे गंध उरलं नाही?"

"थेंबसुद्धा नाही. सगळं मोरीत."

"अण्णांनी कुठे कुठे लावलं?"

त्याने बोटांवर मोजलं. "मोठा तराजू, भट्टी, रंग मोजायची दोन यंत्रं, पंप, जीप. मग वाटी घेऊन आपल्या खोलीत गेले. मला म्हणाले, स्वल्प थांब. दार लावून घेतलं."

"त्यांच्या खोलीत कोणतं यंत्र आहे?"

"टेबल आहे, खुर्ची आहे, कपाट आहे. यंत्र कुठलं? मला वाटलं, पेनाला लावत असतील."

"हे तू विश्वस्तांना का सांगितलं नाहीस?"

मल्लाप्पाला प्रश्नाचंच नवल वाटलं. "कोणी विचारलं अक्का? मला विचारलं, लॅपटॉप टेबलावर होता का. टेबलावर नव्हता. अण्णांच्या दारामागे काय होतं, ते कोणी विचारलं नाही. तुम्हीही नाही."

तो गेल्यावर मी सगळं एका कागदावर मांडलं. हे गंध जगात फक्त त्या शनिवारी होतं आणि फक्त आमच्या इमारतीत. ते ज्या यंत्राला लागलं, ते यंत्र त्या शनिवारी तिथे होतं. प्रणीत तिथे नव्हता. गंध लावणारा हात एकच होता.

कागद चार ओळींत संपला. अडीच वर्षांपूर्वीही तो चार ओळींतच संपला असता. मल्लाप्पा तेव्हाही याच दाराबाहेर स्टुलावर बसलेला असे.

५

"ये गं शुभदा. तू बनशंकरीला आलीस म्हणजे काहीतरी मोठं असणार."

अण्णा व्हरांड्यात वेताच्या खुर्चीत होते. शाल्मली ऑफिसातून यायची होती. कौशल्याबाईंनी कॉफी आणली, माझ्या हातातली पिशवी पाहिली आणि पेला माझ्यासमोर ठेवताना म्हणाल्या, "साखर स्वल्पच घातलीय." मग त्या आत गेल्या नाहीत. दाराशी उभ्या राहिल्या.

मी लॅपटॉप बाहेर काढला नाही. फक्त फरशीचा तुकडा त्यांच्यासमोर ठेवला. डावीकडे लाल, उजवीकडे जांभळं.

त्यांनी चष्मा वर केला आणि तुकडा उजेडाकडे धरला. सत्तावीस वर्षं त्या रंगाबरोबर काढलेला माणूस होता तो.

"अलिझरिन," ते म्हणाले. "सोडा घातलास?"

"सोडा."

"कुठलं हे?"

"बिजागरीतलं."

त्यांनी तुकडा खाली ठेवला, अगदी हळू, कोपरा टेबलाला समांतर येईल असा.

"सगळ्यांना लावलं मी गंध," ते म्हणाले. "ते एकटंच कपाटात, अंधारात. वर्षाचा दिवस. तेवढं वगळायला मन धजलं नाही गं. त्या यंत्राचं काय चुकलं होतं?"

"आणि प्रणीतचं?"

"त्याचंही नाही. त्याचे आकडे बरोबर होते." हे त्यांनी एखाद्या परीक्षार्थीला गुण द्यावेत तसं सांगितलं. "मी लॅपटॉप चोरला नाही, शुभदा. तपासायला ठेवून घेतला. म्हटलं, आठ दिवसांत याची चूक काढतो. दहा विहिरींचं पाणी आणवलं आणि स्वतः केलं. दहाही जुळल्या. पाण्यात अल्युमिनियम असलं की ते फ्लोराइडला धरून बसतं, माझ्या रंगाला दिसू देत नाही. साधी गोष्ट. बीएस्सीच्या मुलाला समजावी इतकी."

"मग का बोलला नाहीत?"

"तोवर तू लिहून दिलं होतंस." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता, आणि ते मला जास्त लागलं. "तू लिहिलं नसतंस तर मला परत द्यावा लागला असता. तू लिहिलंस आणि माझी वाट सोपी झाली. सरी, असू दे, झालं ते झालं."

दाराशी कौशल्याबाईंच्या बांगड्या वाजल्या. "मधल्या काळात त्या गावांत पोरं जन्मली असतील," त्या म्हणाल्या. "त्यांना आता दात आले असतील."

"तू आत जा," अण्णा म्हणाले.

त्या गेल्या नाहीत.

"ऐक," ते माझ्याकडे वळले. आवाज पुन्हा मार्गदर्शकाचा झाला. "पंधरा दिवसांनी मी निवृत्त. एक तारखेपासून तू प्रमुख. पद्धत बदल. विहिरी पुन्हा तपास, नवे शेरे काढ. सुधारित उपकरणं आली म्हण. गावांचं काम होईल, प्रयोगशाळेचं नाव राहील. आणि तो पोरगा, त्याचं दुकान बरं चाललंय म्हणतात."

"कोण म्हणतं?"

त्यांनी चष्मा पुन्हा नाकावर घेतला.

"दुसरी वाटही आहे. ती तुला माहीत आहे. तू जबाब फिरवलास की पद्धत उघड्यावर येते. पद्धत गेली की तुझं तिसरं प्रकरण जातं, ते गेलं की प्रबंध. तो गेला की प्रमुखपद कुठलं? चव्वेचाळिसाव्या वर्षी पुन्हा सहायक म्हणून उभी राहशील, आणि तेही कोणी ठेवून घेतलं तर. प्रणीतला यातलं काय मिळणार? एक कागद."

"त्याचं नाव मिळेल."

"आणि तुझं जाईल. विचार कर. घाई नको. तू घाई करणारी नाहीस, मी ओळखतो तुला."

ते मला खरंच ओळखत होते. खणातलं पत्र तिन्ही वेळा मी याच शब्दांनी परत ठेवलं होतं. घाई नको. पुरावा पुरेसा नाही. अजून एकदा मोजून पाहू. दरवेळी ते मला शास्त्रासारखं वाटलं होतं.

फाटक वाजलं. शाल्मली आली होती. खांद्यावर पर्स, हातात मोगऱ्याचा गजरा. माझ्या पायाशी पिशवी पाहून तिचा चेहरा उजळला.

"अय्या मावशी, झाला का ठीक? काय निघालं ते अननोन?"

तिने सासऱ्यांकडे पाहिलं, मग सासूकडे, मग माझ्याकडे.

अण्णांनी फरशीच्या तुकड्यावर पालथा हात ठेवला. "हं, शुभदा," ते हळूच म्हणाले. "काय ठरवलंस?"

मी कॉफीचा पेला खाली ठेवला.

"मी माझा जबाब मागे घेते आहे, अण्णा. आणि प्रबंधही."